चादरीचा कान

माझ्या वहिनीला कुणी विचारलं, काय करता, तर ती म्हणते, "कपडे धुते." एवढंच. एकोणीस वर्षं ती लाँड्रीत आहे. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरची नव्हे. सहा हॉटेलं आणि दोन दवाखान्यांचे कपडे तिथे येतात, रोजच्या दोन हजारांवर चादरी. आणि ही बाई सांगते असं की ऐकणाऱ्याला वाटावं, नळाखाली बादली घेऊन बसते. मला तिचा राग यायचा. अजूनही येतो, पण आता तो नक्की कुणावर काढावा ते कळत नाही, कारण जे झालं त्यात सगळ्यात मोठा हात माझाच आहे.

मी तिची नणंद. जिन्याखाली माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून मी बसूनच असते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं बाई उर्मट आहे. तसं ते खोटं नाही. वीस वर्षं लोकांचे अर्ज, दाखले, तक्रारी टाईप करून मला एक गोष्ट कळली आहे, माणसाला स्वतःबद्दल लिही म्हटलं की त्याची वाचा बसते. शेजाऱ्याबद्दल विचारा, ताव पुरणार नाहीत. वहिनी मला अजून "वन्सं" म्हणते आणि "अहोजाहो" करते. हल्ली असं कुणी बोलत नाही. मी तिला "अगंतुगं" करते, कारण ती या घरात आली तेव्हा मी शाळेत होते आणि माझ्या वेण्या तीच घालायची.

मागच्या थंडीत तिला खोकला लागला तो गेलाच नाही. बोलता बोलता मध्येच थांबायची, एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर, आणि आपण बघतोय म्हटलं की हसायची. शेवटी मी धरून नेलं. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली, विचारलं काम काय, आणि म्हणाले, "बाई, वाफेतून बाहेर पडा. वर्षाच्या आत पडलात तर निभावेल. नाहीतर पुढे जिनासुद्धा चढता येणार नाही." बाहेर पडा म्हणजे काय, ती काय तिथे हौसेने आंघोळीला बसली होती? पण डॉक्टरांशी भांडून काय मिळणार. मी फी दिली आणि गप्प आले.

दादा, म्हणजे माझा भाऊ, टँकर चालवतो. आठ दिवस घरी, पंधरा दिवस रस्त्यावर. त्याला सांगितलं तर म्हणाला, "सोड मग ते काम." पुढे काय, हे त्याने सांगितलं नाही आणि वहिनीने विचारलं नाही. घर दोघांच्या हातांवर चालतं, हे दोघांनाही माहीत होतं.

अशात ती जाहिरात आली. एक बाई माझ्याकडे झेरॉक्स काढायला आली होती, तिच्या कागदांत होती. शहराच्या कडेला नवं रुग्णालय उघडणार होतं, त्यांना कपडे-विभाग सांभाळायला जबाबदार महिला हवी होती. कोरडी खोली, लोखंडी रॅक, चादरी मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. खाली लिहिलं होतं, अनुभव असल्यास शिक्षणाची अट शिथिल. मी ती जाहिरात त्या बाईच्या नकळत एक जास्तीची काढून घेतली. देव मला क्षमा करो, पण ती जाहिरात वहिनीसाठीच लिहिली होती असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दुकानात बसवलं. आता माझ्या कॉम्प्युटरमध्ये बायोडाट्याचा जो नमुना आहे तो लग्नाचा. गिऱ्हाइकं तीच जास्त. मी तोच उघडला आणि रकाने एकेक वाचत गेले. नाव, जन्मतारीख, उंची.

"उंची कशाला हवी त्यांना?" वहिनी म्हणाली.

"वरच्या रॅकला हात पोचायला," मी म्हटलं आणि उंची खोडली. मग वर्ण खोडला. शेवटी आलं "अपेक्षा". मी खोडणार तेवढ्यात ती म्हणाली, "कोरडी जागा."

"काय?"

"अपेक्षा विचारलीत ना. कोरडी जागा, एवढीच."

आम्ही दोघी हसलो. ती हसता हसता खोकायला लागली आणि तिचा खोकला थांबेपर्यंत मी पडद्याकडे बघत बसले. मग तो रकानाही खोडला.

"आता सांग, काय काय येतं तुला?"

"काही नाही हो. कपडे धुते."

"कसे धुतेस?"

"सगळे धुतात तसेच."

तासभर हेच. दगडावर डोकं आपटावं तसं. सातवी झालेली, आठवीत महिनाभर जाऊन धाकट्या भावंडांपायी घरी बसलेली. शिक्षणाचा रकाना आला की हिचा आवाज बारीक व्हायचा. मी तिला म्हटलं, "हे बघ, माझा नियम आहे. शिक्षण कमी असेल तर लपवायचं नाही आणि मिरवायचंही नाही. खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत, स्वच्छ लिहून मोकळं व्हायचं. वर काम. आणि तिथे मेहनती, प्रामाणिक, होतकरू असलं काही लिहायचं नाही, ते चोरही लिहितो. काय केलं, किती केलं, कसं केलं." ती मान डोलवत होती. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा मी ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, तिचा डबा विसरला असं दारावरच्या माणसाला सांगितलं आणि वही घेऊन आत शिरले.

शिरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली. पुसला, परत धरली. शेवटी चष्मा काढून हातात घेतला. लांबलचक पत्र्याचा हॉल, एका भिंतीला माणसाएवढी यंत्रं, दुसऱ्या भिंतीला तापलेले रोलर, मध्ये ओल्या गाठोड्यांचे ढीग. वर पंखे होते, ते वाफ फक्त इकडची तिकडे करत होते. फरशी ओली, बायका रबरी बुटांत. वहिनीचा डावा बूट चिरलेला आणि ट्यूबचा तुकडा लावून चिकटवलेला होता. पाच मिनिटांत माझी साडी अंगाला चिकटली आणि मला कुठूनतरी बाहेर पळावंसं वाटलं. इथे ही एकोणीस वर्षं उभी आहे, आणि मी घरी तिला म्हणते, अगं जरा बाहेर जात जा, हवापालट होईल.

आणि मग मी तिला काम करताना पाहिलं. घरी चार शब्द न बोलणारी बाई तिथे वेगळीच होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक नवी मुलगी रक्ताच्या चादरी यंत्रात घालत होती, हिने मान न वळवता हाक दिली, "थंड." एकच शब्द, मुलीने हात मागे घेतला. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, रक्त आधी थंड पाण्यातून काढायचं, गरम लागलं की डाग मरेपर्यंत जात नाही. धुतलेला कपडा काढला की ती त्याचा ओला काठ दोन बोटांत चोळायची. बुळबुळीत लागला तर साबण राहिलाय, पुन्हा पाण्यात. टाकीतलं पाणी तांबूस दिसलं की ब्लीचचा डबा स्वतःच्या ताब्यात घेऊन बसायची, कारण गंजाच्या पाण्यात ब्लीच पडलं तर चादरीवर तांबडे ठिपके उठतात. दवाखान्याची गाठोडी ती कुणाला हात घालून उपसू देत नव्हती, टेबलावर पसरूनच उघडायची. "सुया असतात," म्हणाली. "एकदा कात्री निघाली."

आणि वाळलेली चादर घडीला गेली की ती तिचा एक कोपरा धरायची, ओढायची, बघायची, सोडायची. एका मिनिटाला पंधरावीस.

"हे काय करतेस?"

"कान पाहते."

"कुणाचा?"

"चादरीचा. हा कोपरा म्हणजे कान. इथे दुहेरी शिवण असते, तिच्यात ओल राहते. मधली चादर कडकडीत वाळली तरी कान ओला असतो, तशीच घडी घातली की तिसऱ्या दिवशी कुबट वास. आणि हा दोरा बघा. तांबडा म्हणजे मोठा दवाखाना, निळा म्हणजे स्टेशनजवळचं हॉटेल. अर्ध्या बायकांना वाचता येत नाही ना, शिक्के कोण वाचणार. म्हणून मी दोरे घातले."

"तू घातलेस?"

"मग कोण घालणार? सतरा वर्षं झाली."

"आणि हे सगळं तुझ्या मालकांना माहीत आहे?"

"कपडे वेळेवर जातात हे माहीत आहे," वहिनी म्हणाली आणि पुढचा कान धरला.

मालकांना तिथे सगळ्या बायका पाठीमागे कडकसाहेब म्हणतात. स्वभाव तसा मऊ आहे, पण शर्ट असा खळ घातलेला की बसताना आवाज येतो. त्या दिवशी ते काचेच्या खोलीत फोनवर होते. खोली थंड होती, काचेला बाहेरून पाणी सुटलं होतं.

त्या वहीवरून मी बायोडाटा लिहिला. लिहिला कसला, दोन दिवस त्याच्याशी झोंबले. एक पान, बारा ओळी कामाच्या, प्रत्येक ओळीत एक गोष्ट. शेवटून दुसऱ्या ओळीत सातवी. "कान पाहणे" तिथे "कोपरा तपासणे" असं करावं का, यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी "कान"च ठेवला. तिचा शब्द होता, तिच्याच तोंडचा वाटत होता. वीस वर्षांत मी इतका चांगला कागद केला नव्हता. वहिनीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, हे मी आहे का?" आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं, सांगायला लाज कसली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच थांबायला हवं होतं.

पण मी दुकानवाली. माझ्या धंद्यात शिक्का नाही तो कागद नाही, रद्दी आहे. शिक्क्यावाचून परत पाठवलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की झोपेतसुद्धा मी आधी शिक्का बघेन. जाहिरातीत कुठेही दाखला मागितला नव्हता. मी म्हटलं, "अनुभवाला पुरावा लागतो. मालकांची सही-शिक्का घे."

"नको हो," वहिनी म्हणाली. "त्यांना कळेल मी जाते आहे ते."

"कळू दे. चोरी करतेस का?"

"तसं नाही. पण एवढं सगळं त्यांना कशाला दाखवायचं? नुसतं लिहून द्या, इतकी वर्षं काम करते, बास."

"नुसतं कसं? या पानाखालीच सही हवी, वरील माहिती खरी आहे म्हणून. मग कुणाची बिशाद आहे नाही म्हणायची."

तिने दोनदा नको म्हटलं. मी तिसऱ्यांदा आवाज चढवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना फुकट वाटत असते. वहिनी कागद घेऊन गेली.

कडकसाहेबांनी तो कागद चार दिवस ठेवून घेतला. पाचव्या दिवशी वहिनीला काचेच्या खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या खोलीत बसली. "छान लिहिलंय हो," म्हणाले. "कुणी लिहिलं? अगदी नेमकं आहे. पण यावर सही नाही देता येत. आमच्या लेटरहेडवर वेगळा दाखला देतो." आणि दिला. जाड कागद, वर यंत्राचं चित्र, खाली गोल शिक्का, जांभळ्या शाईत, एक अक्षरही पुसट नाही. "सदर महिला आमच्याकडे एकोणीस वर्षांपासून मदतनीस म्हणून काम करत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे."

मदतनीस. हा एक शब्द मला खटकला. पण शिक्का इतका सुबक होता की मी म्हटलं, असू दे, बाकीचं आपल्या पानात आहेच. आमचं पान त्यांनी परत दिलं, बायोडाटा आणि दाखला टाचून मी स्वतः अर्ज देऊन आले.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. वहिनीने दोन तास आधी आवरून ठेवलं. मी सोबत गेले. रुग्णालय अजून पुरतं उघडलं नव्हतं, रंगाचा वास होता, खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच. खालच्या मजल्यावर कपड्यांची खोली होती, दार उघडं होतं. रिकामे रॅक, खिडकीतून ऊन, फरशी अशी कोरडी की पावलं वाजत होती. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने मोठा श्वास घेतला. आत गेली नाही. बाहेरूनच बघून घेतलं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम खरेदी आणि व्यवस्था बघत होत्या. शांत बाई, आवाजात गोडवा, वहिनीपुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मी बाहेर बाकावर, पण दार विटेने अडवलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी तीन कागद टेबलावर मांडले. एक आमचा बायोडाटा. एक शिक्क्याचा दाखला. तिसरा रंगीत, चकचकीत, लाँड्रीच्या नावाचा.

"तुमच्या मालकांनी आम्हाला प्रस्ताव दिलाय," त्या म्हणाल्या. "आमचं सगळं धुलाईचं काम बाहेरून करून द्यायला तयार आहेत. त्यांनी त्यांची पद्धत लिहून दिली आहे. आणि तुमच्या अर्जात अगदी तेच आहे. शब्दाला शब्द. तुमच्या मालकांनी तुम्हाला मदतनीस म्हटलंय. हे तुम्ही त्यांच्या कागदावरून उतरवून घेतलंत का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

वहिनी पदराचा काठ दोन बोटांत चोळत बसली. तिचं हे असंच. मला बसवेना. मी आत गेले.

"ते आमच्या कागदावरून उतरवलंय त्यांनी," मी म्हटलं. "हे सगळं मी टाईप केलंय. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

"आपण कोण?"

"हिची नणंद."

मॅडम हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. नणंद भावजयीच्या बाजूने साक्ष देते म्हटल्यावर कोणीही हसेल, आणि घरच्या माणसाची साक्ष म्हणजे आपलीच पाठ आपणच थोपटणं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, इथे तर चोर बोंबललाही नव्हता, शांतपणे रंगीत छापून मोकळा झाला होता. आणि मी त्याला ते पान स्वतःच्या हाताने पोचवलं होतं.

मॅडमनी मला हाताने थांबवलं आणि वहिनीकडे वळल्या. "एक विचारते. यात लिहिलंय, कान पाहणे. मी तुमच्या मालकांना विचारलं, ते म्हणाले तांत्रिक शब्द आहे. तुम्ही सांगाल?"

कपाटाशेजारी नव्या चादरींचा गठ्ठा पडला होता, नमुन्यासाठी आणलेल्या, एकदा धुऊन बघितलेल्या. वहिनी उठली, वरची चादर घेतली, कान धरला, ओढला. "ही वाळलेली नाही," म्हणाली. मॅडमनी हात लावून पाहिला. मग वहिनीने शिवण उलटी करून दाखवली. "ही एकेरी दुमडलीय. पन्नास धुण्यांत सुटेल. घेऊ नका." आणि मग ती बोलायला लागली. रक्त, थंड पाणी, दोरे, गंज, सुया, टॉवेलला मऊपणाचं औषध लावलं तर तो पाणी का टिपत नाही ते सगळं. अर्धा तास. मध्ये दोनदा खोकली. मॅडमनी लिहून घेतलं. मी दाराशी उभी होते आणि माझी छाती अभिमानाने फुगली होती, म्हटलं जिंकलो, हातच्या काकणाला आरसा कशाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चेहरा मोकळा झाला होता. "म्हणजे हे सगळं तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "माफ करा, मी शंका घेतली. किती बरं झालं तुम्ही आलात. आमच्याकडे दोन मतं होती, बाहेर द्यावं की आपला विभाग ठेवावा. बाहेर कसं धुतात याची खात्री कोण देणार, हाच प्रश्न होता. तुम्ही तिथे आहात म्हटल्यावर तो मिटलाच."

वहिनीला कळलं नाही. मला कळलं.

"आणि ही जागा?" वहिनीने विचारलं. "खालची खोली?"

"ती आता लागणार नाही. तुमच्याकडूनच घड्या घालून, मोजून येतील ना. खोली औषधांना देऊ." मग त्या आपुलकीने पुढे वाकल्या. "तुम्ही काळजी करू नका. मी करारात लिहूनच घेते, आमचं काम तुमच्याच देखरेखीखाली होईल आणि करार असेपर्यंत तुम्हाला दुसरीकडे हलवायचं नाही. तीन वर्षं."

"मला वाफेचा त्रास आहे," वहिनी म्हणाली. इतक्या हळू की मॅडमनी काय म्हणून विचारलं. तिने पुन्हा म्हटलं.

"हो का? मग मी तुमच्या मालकांशी बोलते. एखादा पंखा लावायला सांगते."

त्यांनी खरंच मनापासून म्हटलं. दारापर्यंत सोडायला आल्या.

रस्त्यावर आल्यावर माझं तोंड सुटलं. उद्यापासून जाऊ नकोस, म्हटलं. कडकसाहेबांच्या शर्टाची सगळी खळ उतरवते बघ. दुसरीकडे अर्ज करू, शहरात काय एकच रुग्णालय आहे? दुसरा कागद करते, याच्याहून चांगला.

वहिनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग म्हणाली, "त्यात काय लिहाल?"

"हेच. दुसऱ्या शब्दांत."

"शब्द बदलाल हो. पण विचारायला फोन कुणाला करतील ते? मालकांनाच ना. आणि मी गेले तर त्यांचा करार जातो. ते सांगतील, बाई कामाची नाही."

"मग न सांगता जा. असंच सोड."

"सोडून घरी बसू? तुमच्या दादाचा टँकर मी ओढू?" तिला राग आला होता. तिला राग आलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. "वन्सं, खरं सांगू? मी मदतनीस होते तेव्हा कधीही गेले असते. एक महिना आधी सांगितलं असतं, त्यांनी मान वर करून पाहिलंही नसतं. बाया येतात, जातात. आता त्यांना कळलं मी कोण ते. तुम्ही चांगलंच लिहिलंत, मी कुठे नाही म्हणते. इतकं चांगलं की आता मला कुणी सोडणार नाही."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मला म्हणायचं होतं की चूक माझी, तू दोनदा नको म्हणाली होतीस. म्हटलंही. ती म्हणाली, "आता रडू नका, लोक बघतायत," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आजारी ती आणि समजूत माझी.

नंतर मी गेले काचेच्या खोलीत भांडायला. कडकसाहेबांनी चहा मागवला. त्यांना खरंच कळेना मी का चिडले. "अहो, आमच्याच लाँड्रीतलं काम आहे ते," म्हणाले. "इथेच शिकल्या ना त्या? आम्ही कुणाचं काय घेतलं? उलट त्यांचं नाव करारात आलं, आजवर एकाही बाईचं आलं नाही." पंखा लावतो म्हणाले. लावला. तो बाकीच्यांसारखाच आहे. डॉक्टरांकडे पुन्हा नेलं, त्यांनी औषध वाढवलं आणि तेच सांगितलं, तारीख मात्र जवळ आणून. मी त्यांना कडकसाहेबांनी झेरॉक्स करून दिलेला करार दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

दुकानात मी दुसरा बायोडाटा करायला बसते अधूनमधून. ती बारा वाक्यं टाळून लिहायचं म्हटलं की नाव उरतं, वय उरतं, सातवी उरते. त्याच्या पुढे जात नाही. वहिनी दुपारी जेवून येते, माझ्या स्टुलावर दहा मिनिटं टेकते, पडद्यावर काय आहे ते विचारत नाही. पावणेदोनला उठते. आता घराचा जिना उतरतानाही मध्ये थांबते. मी म्हणते, बस जरा, पाच मिनिटांनी काय बिघडतं. पण रुग्णालयाची गाडी दोनला येते, आणि ती वहिनीशिवाय कुणी उघडायची नाही, असं आता लेखी आहे.